जीन एडिटिंगची बातमी आली, ती आपल्या घरच्या आजाराशी ताडून कशी बघायची

घरात कुणाला आनुवंशिक आजार असेल तर हे कधी ना कधी झालंच असेल, की कुणीतरी प्रेमाने एक लिंक पाठवतं, वर लिहिलेलं असतं "क्रिस्परने आजार मुळापासून बरा", आपण ती बातमी दोनतीनदा वाचतो आणि तरी कळत नाही की हे आपल्यासाठी आहे की नाही. जीन एडिटिंग म्हणजे डीएनएमधला मजकूर नेमक्या जागी बदलणं, आणि क्रिस्पर ही त्याची सगळ्यात गाजलेली पद्धत. डॉक्टरांना विचारावं तर तपासणीच्या वेळेत एवढं बोलणं होतच नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय, म्हणजे बातमी हातात आली की तुम्ही स्वतः ती तपासू शकाल आणि डॉक्टरांकडे जाताना नेमका प्रश्न घेऊन जाल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. "आमच्या आजारावर जीन एडिटिंग आलंय का" हा प्रश्न अपुरा आहे. आजाराचं नाव एकच असलं तरी दोन घरांतला बिघाड वेगळा असू शकतो, आणि एडिटरला, म्हणजे बदल करणाऱ्या हत्याराला, आजाराचं नाव कळत नाही, तो ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेल्या डीएनएच्या ठरावीक जागी जाऊन तिथे काप देतो किंवा तिथलं अक्षर बदलतो, बस. तेव्हा विचारायचं ते असं: आमच्या घरातलं नेमकं कुठलं अक्षर बदललंय, त्या बदलाने जीनचं काम बंद पडलंय की काहीतरी भलतंच काम सुरू झालंय, ज्या अवयवात त्रास आहे तिथपर्यंत एडिटर नेता येतो का, आणि दुरुस्ती झाली तरी फायदा होण्याइतका वेळ अजून हातात आहे का. ही चार उत्तरं तुमच्याकडे असली तर कुठलीही बातमी तुम्हाला चटकन चाळता येते.

पहिलं काम, रिपोर्ट शोधा

फाइलवरचं निदान म्हणत नाहीये मी, जेनेटिक टेस्टचा पूर्ण रिपोर्ट म्हणतेय, सगळ्या पानांसकट. बऱ्याच घरांत फक्त पहिलं पान जपून ठेवलेलं असतं आणि कामाचं असतं ते आत असतं. हरवला असेल तर जिथे टेस्ट केली त्या लॅबकडून परत मागवा, पीडीएफ मिळत असेल तर तीच घ्या.

त्यात एक विचित्र दिसणारी ओळ असते. सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या रिपोर्टचं उदाहरण घेऊ, तिथे जीनचं नाव एचबीबी आणि पुढे "सी डॉट २०, ए, मग बाणासारखी खूण, मग टी" असं असतं आणि शेजारी "पी डॉट ग्लू ७ व्हॅल". याचा अर्थ असा, की हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवणाऱ्या जीनच्या मजकुरात विसाव्या जागी ए अक्षर हवं होतं तिथे टी आलंय, आणि त्यामुळे प्रोटीनच्या साखळीत सातव्या जागी ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन बसलंय. जुन्या लेखांत हीच जागा सहावी लिहिलेली दिसेल, घाबरू नका, आधी साखळीतला सुरुवातीचा घटक, मेथिओनिन, मोजत नव्हते आणि आता मोजतात, म्हणून एकाचा फरक. माणसाच्या जीनोममध्ये साधारण ३०० कोटी अक्षरांच्या जोड्या असतात आणि हा सगळा आजार, ती दुखणी, ते अॅडमिट होणं, या एका अक्षरातून येतं.

ही ओळ जशीच्या तशी एका कागदावर उतरवून घ्या, स्पेलिंग, आकडे, खुणा सगळं. सोबत अजून तीन गोष्टी लिहा. प्रत्येक जीनच्या सहसा दोन कॉप्या असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, तर बदल एका कॉपीत आहे की दोन्ही कॉप्यांत. दोन वेगवेगळे बदल सापडले असतील तर एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलाय हे तपासलंय का, कारण दोन्ही एकाच कॉपीवर असतील तर दुसरी कॉपी धड आहे आणि मग गणितच बदलतं. आणि तिसरं म्हणजे लॅबने त्या बदलाला कुठला वर्ग दिलाय.

वर्ग पाच असतात, पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, मग मधला व्हीयूएस, मग लाइकली बिनाइन आणि बिनाइन. पहिले दोन असतील तर पुढे चला. व्हीयूएस असेल तर थांबा, कारण व्हीयूएस म्हणजे हा बदल आजाराला कारण आहे की नाही हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही, आणि जे अक्षर दोषी आहे हेच माहीत नाही ते दुरुस्त करायला कुठलाही शहाणा डॉक्टर हात लावणार नाही.

व्हीयूएसवाल्यांनी हे वाचाच

उपचाराच्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडते, की जीन एडिटिंगचा खूप मोठा वापर आजार समजून घेण्यासाठी होतो, आणि व्हीयूएसमध्ये अडकलेल्या घरांना आज तरी त्याचाच जास्त उपयोग आहे. २०१८ मध्ये बीआरसीए१ या जीनवर एक काम झालं, स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी संबंध असलेला हा जीन. संशोधकांनी काय केलं, तर या जीनच्या महत्त्वाच्या भागांतली जवळजवळ प्रत्येक जागा क्रिस्पर वापरून एकेक अक्षराने बदलून पाहिली, असे जवळपास ४००० बदल, आणि पेशी अशा निवडल्या की ज्या बीआरसीए१ चालू नसेल तर जगतच नाहीत. मग थोडे दिवस थांबून मोजलं की कुठल्या बदलाच्या पेशी टिकल्या आणि कुठल्या संपल्या. ज्या बदलाच्या पेशी संपल्या तो बदल जीन बंद पाडतो, सरळ हिशोब. एखाद्या घरात जो बदल जगात पहिल्यांदाच सापडेल त्याचं उत्तरसुद्धा या यादीत आधीच तयार असू शकतं. मला या सगळ्या क्षेत्रातलं हे सगळ्यात सुंदर काम वाटतं, आणि पेपरवाल्यांनी त्याला उपचाराच्या बातमीच्या निम्मी जागा दिली असती तरी बरं झालं असतं.

दुसरी पद्धत अशी, की रुग्णाच्या रक्तातून किंवा त्वचेतून थोड्या पेशी घेतात, त्यांना मागे नेऊन मूलपेशी बनवतात ज्यांना आयपीएस म्हणतात, मग त्यातल्या काही पेशींमध्ये फक्त ते एक अक्षर दुरुस्त करतात. आता दोन गट झाले, बाकी सगळं डीएनए तंतोतंत सारखं, फरक फक्त त्या एका अक्षराचा. दोन्हींपासून हृदयाच्या किंवा मेंदूच्या किंवा ज्या हव्यात त्या पेशी वाढवायच्या आणि बघायचं. दुरुस्त गटात दोष गेला आणि दुसऱ्यात राहिला तर अक्षर पकडलं गेलं, आणि वर औषधं तपासायला तयार पेशी मिळाल्या.

तेव्हा व्हीयूएस असेल तर दर वर्षा दोन वर्षांनी लॅबला किंवा जेनेटिक काउन्सेलरला विचारत राहा की या बदलाचा वर्ग बदलला का, आणि आईवडिलांची, जमलं तर भावंडांचीही त्याच बदलासाठी टेस्ट करून घ्या. नुसता आईवडिलांचा रिपोर्ट हातात आला तरी कितीतरी व्हीयूएस या किंवा त्या बाजूला सरकतात. लॅब आपणहून फोन करेल असं धरून बसू नका.

बिघाड कसला आहे ते ठरवा

हा भाग छोटा आहे पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं. काही आजारांत दोन्ही कॉप्या बंद पडलेल्या असतात, म्हणजे जे प्रोटीन हवंय ते बनतच नाही. अशा आजारात आईवडील प्रत्येकी एक खराब कॉपी घेऊन ठणठणीत असतात, म्हणजे निम्म्या प्रोटीनवरही चालतं, म्हणून सगळ्या पेशी दुरुस्त व्हायलाच हव्यात असं नसतं, थोड्या झाल्या तरी फरक पडू शकतो. काही आजारांत मात्र एकच खराब कॉपी पुरते कारण तिच्यापासून बनलेलं प्रोटीन स्वतःच नुकसान करतं. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार असाच, एचटीटी जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची संख्या ४० किंवा जास्त झाली की आजार होतोच. इथे नवीन चांगली कॉपी देऊन भागत नाही, खराब कॉपी गप्प करावी लागते आणि ती करताना चांगली सांभाळावी लागते.

आणि कधीकधी जीन पूर्ण बंद केला तरी चालतो, ते सगळ्यात सोपं. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसमध्ये लिव्हरमधून येणारं एक प्रोटीन उलगडून हृदयात आणि नसांमध्ये साचत जातं. ते बनवणारा टीटीआर जीन लिव्हरमध्येच बंद करायचा ही कल्पना, आणि २०२१ मध्ये पहिल्या सहा रुग्णांचे आकडे छापून आले, त्यात जास्त डोस मिळालेल्यांमध्ये २८ दिवसांत रक्तातलं ते प्रोटीन सरासरी ८७ टक्क्यांनी कमी झालं होतं. शिरेतून औषध देऊन शरीराच्या आत क्रिस्पर चालवल्याचा हा पहिला प्रकाशित अनुभव. या आजारात १०० हून जास्त वेगवेगळे बदल माहीत आहेत पण इथे कुठलं अक्षर बदललंय याने फरक पडत नाही कारण आख्खा जीनच बंद करायचाय. म्हणून म्हणते, आधी बिघाड कसला ते बघा, काही घरांची निम्मी काळजी इथेच मिटते.

आता हत्यार कुठलं ते बघा

बातमीत सगळ्याला क्रिस्पर म्हणून टाकतात पण आत तीन वेगळी कामं चालतात.

पहिलं साधं क्रिस्पर कॅस९, २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि एमॅन्युएल शार्पांतिये यांच्या टीमने हे प्रोटीन हव्या त्या जागी नेता येतं हे दाखवलं आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघींना मिळालं. साधारण २० अक्षरांचा गाईड आरएनए जागा शोधतो, कॅस९ तिथे डीएनएचे दोन्ही धागे कापतं, आणि मग पेशी घाईघाईत ते टोक जोडते, जोडताना एखाददुसरं अक्षर गाळते किंवा घुसडते, त्याने जीन बंद पडतो. म्हणजे बंद करण्यात हे पटाईत. नीट दुरुस्त करायचं असेल तर सोबत बरोबर मजकुराचा तुकडा द्यावा लागतो आणि पेशी तो मुख्यतः विभाजन होत असतानाच वापरते, त्यामुळे मेंदूच्या किंवा स्नायूंच्या तयार पेशींमध्ये तो मार्ग फारसा चालत नाही.

दुसरं बेस एडिटिंग, २०१६ पासूनचं, डेव्हिड लिऊ यांच्या लॅबमधून आलेलं. हे दोन्ही धागे कापत नाही, एका अक्षराचं रसायन बदलतं. सी चं टी करता येतं आणि ए चं जी, आणि समोरच्या धाग्यावर काम केलं तर जी चं ए आणि टी चं सी. नेहमीच्या बेस एडिटरचे एवढेच चार. तुमच्या कागदावरच्या ओळीत कुठलं अक्षर होतं आणि कुठलं झालंय ते बघा, आता उलटं जायचंय, तो उलटा प्रवास या चारांत बसतो का? जी चं ए झालं असेल तर परत ए चं जी करायचंय, बसतं. सिकल सेलमध्ये टी चं परत ए करायचंय, ते या चारांत नाही, म्हणजे मूळ अक्षर नेहमीच्या बेस एडिटरने परत आणताच येत नाही. पण संशोधकांनी वाट काढली, टी चं सी केलं तर व्हॅलिनच्या जागी अॅलानिन बसतं, आणि असं हिमोग्लोबिन काही माणसांत निसर्गतःच असतं, त्याला मकास्सार म्हणतात आणि ते पेशींना विळ्याचा आकार देत नाही. २०२१ मध्ये हे रुग्णांच्या पेशींत आणि उंदरांत करून दाखवलंय. अक्षर मूळचं नाही आलं तरी माणूस निरोगी राहील असं अक्षर आणायचं.

तिसरं प्राइम एडिटिंग, २०१९ चं, त्याच लॅबमधलं, यात एका अक्षराचे सगळे बारा बदल आणि छोट्या जागी अक्षरं घालणं किंवा काढणं जमतं. हे यंत्र मोठं आहे, शरीरात नेणं अवघड, आणि माणसांतला अनुभव अजून फार थोडा. सिस्टिक फायब्रोसिसमधला सगळ्यात जास्त आढळणारा बदल, ज्यात तीन अक्षरं गळालेली असतात, तसल्या बिघाडासाठी नजर याच्यावर ठेवा.

तुमच्या रिपोर्टमध्ये "डिलीशन" असेल आणि त्यात जीनचे मोठे तुकडेच गेले असतील, तर एक अक्षर बदलणाऱ्या बातम्या तुमच्यासाठी नाहीत, त्या सोडून द्या, उगाच जिवाला घोर नको.

तिथपर्यंत पोचतंय का

खरी अडचण इथे आहे. लॅबमधल्या डिशमध्ये जवळपास कुठलंही अक्षर बदलता येतं, शरीरात मात्र एडिटर योग्य पेशींपर्यंत नेणं हेच निम्म्याहून जास्त काम आहे. म्हणून बातमीत अवयवाचं नाव शोधा.

रक्ताचे आजार पुढे का गेले, तर रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढता येतात, बाहेर एडिट करून तपासून परत घालता येतात. लिव्हरचे पुढे का गेले, तर चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरलेलं औषध, ज्याला एलएनपी म्हणतात, शिरेतून दिलं की बरचसं आपोआप लिव्हरमध्येच जातं. डोळा लहान आणि बंदिस्त, थोडा डोस पुरतो, म्हणून २०२० मध्ये शरीराच्या आतली पहिली क्रिस्पर ट्रीटमेंट डोळ्यातच दिली गेली, सीईपी२९० जीनमुळे येणाऱ्या जन्मजात अंधत्वासाठी. मेंदू, फुप्फुसं, हृदय आणि अंगभरचे स्नायू हे अजून कठीण.

तिथे बहुतेक वेळा एएव्ही नावाचा निरुपद्रवी व्हायरस गाडी म्हणून वापरतात, पण त्यात साधारण ४७०० अक्षरंच मावतात आणि नेहमीच्या कॅस९ ची रेसिपी एकटीच ४१०० च्या आसपास. शिवाय एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, दुसरा डोस सहसा देता येत नाही. अंगभर स्नायूंना पोचवायचं तर डोस प्रचंड लागतो. २०२२ मध्ये ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजाराच्या एका तरुणासाठी खास बनवलेली क्रिस्परवर आधारलेली थेरपी एएव्हीतून दिली आणि काही दिवसांतच तो गेला. तपासात दिसलं की एएव्हीच्या मोठ्या डोसवर त्याच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीने तीव्र प्रतिक्रिया दिली होती. ड्युशेनच्या घरांना मी हे मुद्दाम सांगते, घाबरवायला नाही, पण या आजारातला डीएमडी हा माणसातल्या सगळ्यात लांब जीन्सपैकी एक, ७९ एक्सॉन म्हणजे प्रोटीनची रेसिपी असलेले तुकडे, घरोघरी बिघाड वेगळा, आणि आजार सगळ्या स्नायूंत आणि हृदयात, म्हणजे चारही प्रश्न एकाच वेळी कठीण आहेत. तिथे प्रगती हळू असण्यामागे हीच कारणं आहेत, कुणी तुमच्या मुलांना विसरलंय म्हणून नाही.

याच्या उलट, चारही उत्तरं जुळली की काय होतं ते २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये दिसलं. एका बाळाला सीपीएस१ नावाच्या एन्झाइमची कमतरता होती, लिव्हर अमोनियाचं युरिया करू शकत नाही, अमोनिया रक्तात चढतो आणि मेंदूला इजा करतो. आता आपली यादी लावून बघा. बदल नेमका माहीत, एका अक्षराचा. काम बंद पडल्याचा प्रकार, म्हणजे थोड्या पेशी सुधारल्या तरी उपयोग. उलटा प्रवास ए वरून जी, म्हणजे बेस एडिटर चालतो. अवयव लिव्हर, म्हणजे एलएनपी चालतं, आणि एलएनपी पुन्हा देता येतं, म्हणून छोट्या डोसने सुरुवात करून तीन डोस देता आले. आणि बाळ लहान, नुकसान व्हायच्या आत गाठलं. त्या एकाच बाळाच्या एका अक्षरासाठी बनवलेलं औषध सुमारे सहा महिन्यांत तयार झालं. नंतर त्याला आधीपेक्षा जास्त प्रोटीन खाता यायला लागलं आणि औषधं कमी करता आली. डॉक्टरांनी पूर्ण बरं झालं असं म्हटलेलं नाही, अजून वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचंय असं म्हटलंय, आणि तुम्हीही तेवढंच म्हणा.

मंजूर झालेल्या औषधाचं उदाहरण, म्हणजे "बरा" याच्या आत काय असतं ते कळेल

कॅसजेव्ही हे क्रिस्परवरचं पहिलं मंजूर औषध, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ ला सिकल सेल आणि बीटा थॅलेसिमिया दोन्हींसाठी, अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला सिकल सेलसाठी आणि जानेवारी २०२४ मध्ये बीटा थॅलेसिमियासाठी, त्या मंजुरीच्या वेळी वय १२ आणि वर. हे औषध बिघडलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही. पोटात असताना बाळाचं वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर ते बंद होतं, ते बंद ठेवण्यात बीसीएल११ए या जीनचा मोठा हात आहे, आणि हे कळलं कारण ज्यांच्यात बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं त्यांना सिकल सेलचा त्रास कमी होतो हे आधी अभ्यासातून दिसलं होतं. मग बीसीएल११ए चं फक्त रक्ताच्या पेशींतलं बटण कापलं, बाळाचं हिमोग्लोबिन परत सुरू. ट्रायलमध्ये ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला त्या ३१ पैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने दुखण्याचा तीव्र झटका आला नाही.

पण वाट सोपी नाही. आधी औषधं देऊन मूलपेशी रक्तात आणून गोळा करतात, कधीकधी एकापेक्षा जास्त वेळा, मग त्या बनून यायला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, मग बुसल्फान नावाची किमो देऊन जुनी बोन मॅरो रिकामी करतात, मग एडिट केलेल्या पेशी चढवतात आणि साधारण ४ ते ६ आठवडे हॉस्पिटलमध्ये. बुसल्फानने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून स्त्रीबीज किंवा शुक्राणू जपून ठेवायचं बोलणं आधीच, अगदी पहिल्या भेटीत काढा, टीनएजर मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, लाज वाटते म्हणून पुढे ढकलू नका.

बातमीमागचा अभ्यास कसा वाचायचा

पहिल्या दोन ओळींत शोधा की हे डिशमध्ये झालंय, उंदरात, माकडात की माणसात. प्रोजेरियाचं उदाहरण घ्या, एलएमएनए जीनमधल्या एका अक्षराने मुलं अकाली म्हातारी होतात, २०२१ मध्ये बेस एडिटरने उंदरांचं आयुष्य २१५ दिवसांवरून ५१० वर गेलं, अफाट काम आहे, वाचून डोळ्यात पाणी येतं, पण ते उंदरांत आहे.

माणसांत असेल तर फेज बघा. फेज १ चा मुख्य प्रश्न सुरक्षितता हाच असतो. किती जण होते आणि किती महिने पाहिलं हे दोन आकडे लिहून घ्या, बातमीत नसतील तर बातमी अर्धवट आहे. काय मोजलं तेही बघा, रक्तातला आकडा कमी झाला हे वेगळं आणि माणूस जास्त चालायला लागला हे वेगळं.

मग साइड इफेक्ट. एडिटर चुकीच्या जागी काम करू शकतो, त्याला ऑफ टार्गेट म्हणतात, आणि "ऑफ टार्गेट आढळले नाहीत" एवढं वाचून खूश होऊ नका, कुठल्या पद्धतीने आणि कुठल्या पेशींत शोधले ते लिहिलंय का ते बघा. बरोबर जागीही गडबड होऊ शकते, २०१८ मध्ये दिसलं की कॅस९ च्या कापाजवळ कधीकधी हजारो अक्षरांचे तुकडे गळतात, जे साध्या तपासणीत दिसतही नाहीत. बेस एडिटर शेजारचं अक्षरही बदलू शकतो. आणि एक चांगला निकाल म्हणजे रस्ता कायमचा मोकळा असंही नाही, वर ज्या टीटीआरच्या औषधाचं कौतुक केलं त्याच्याच मोठ्या ट्रायल्स ऑक्टोबर २०२५ मध्ये एका रुग्णाच्या लिव्हरवर गंभीर परिणाम झाल्यामुळे थांबवाव्या लागल्या. एडिट कायमचं असतं, परत काढता येत नाही, म्हणून अशा थेरपी घेतलेल्यांना १५ वर्षांपर्यंत तपासणीला बोलावत राहतात, आणि तुम्ही तयार असाल तर त्या १५ वर्षांसकट तयार व्हा.

ट्रायल खरी आहे का हे बघायला क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साइटवर जा, प्रत्येक नोंदीला एनसीटीने सुरू होणारा नंबर असतो. आजाराच्या नावासोबत जीनचं नाव टाकून शोधा, स्टेटस "रिक्रूटिंग" आहे का बघा, आणि कोण बसतं कोण नाही ही यादी शेवटपर्यंत वाचा, वय, लिव्हरची स्थिती, आधी कुठली जीन थेरपी घेतलीय का, एएव्हीच्या अँटीबॉडी आहेत का, बहुतेकांचं इथेच ठरतं. नोंद असणं म्हणजे चांगल्याची खात्री नव्हे, कारण तिथे माहिती ट्रायल करणारेच भरतात. कुणी एडिटिंगसाठी तुमच्याकडूनच मोठे पैसे मागत असेल, नंबर देत नसेल, एकच इंजेक्शन दहा आजारांवर चालतं म्हणत असेल, तर तिथून उठा.

आणि कुणी गर्भात किंवा भ्रूणात एडिट करून देतो म्हणालं तर तेही नको. २०१८ मध्ये चीनमध्ये "हे च्यानक्वी" नावाच्या संशोधकाने भ्रूणांचा सीसीआर५ जीन एडिट करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, जगभरातून निषेध झाला आणि त्या संशोधकाला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो बदल पुढच्या पिढ्यांत जातो आणि त्या मुलींना कुणी विचारलेलं नव्हतं. पुढच्या बाळाची काळजी असेल तर भ्रूणाची टेस्ट करून निवड करण्याचा वेगळा मार्ग आहे, त्यात एडिटिंग नसतं, त्याबद्दल जेनेटिक काउन्सेलरशी बोला.

आज काहीच जुळत नसेल तर

बहुतेक घरांचं उत्तर आज हेच येईल, पण करायला बरंच काही आहे. आपल्या आजाराची रुग्ण नोंदणी असेल तर नाव घाला, कारण ट्रायल सुरू करताना संशोधकांना आधी हे माहीत हवं असतं की उपचाराशिवाय हा आजार कुठल्या वयात कसा पुढे सरकतो, आणि दुर्मिळ आजारात ती माहिती तुमच्यासारख्या घरांशिवाय कुणाकडेच नसते. रक्ताचा किंवा त्वचेचा नमुना संशोधनाला द्यायची वेळ आली तर संमतीच्या फॉर्मवर चार गोष्टी विचारा: पेशींपासून आयपीएस बनवणार का, त्या दुसऱ्या लॅबला किंवा कंपनीला देणार का, डेटा नाव काढून शेअर होणार का, आणि नंतर माघार घेता येते का. समाधान झालं तर जरूर द्या.

चालू उपचार, फिजिओथेरपी, लसी, डाएट, यातलं काहीही "आता एडिटिंग येतंयच" म्हणून सैल सोडू नका, कारण ट्रायल आली की ती बहुतेकदा अवयव शाबूत असलेल्यांनाच घेते. दुसऱ्या एखाद्या एएव्हीच्या थेरपीचा विचार चालू असेल तर ती घेतल्यावर पुढचे कुठले दरवाजे बंद होतात हे सही करायच्या आधी विचारा.

आणि तो कागद, ज्यावर जीनचं नाव, बदलाची ओळ, एक कॉपी की दोन, आणि वर्ग लिहिलाय, त्याचा फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढची लिंक आली की आधी त्यातली जीनची ओळ या फोटोशी जुळते का ते बघा.